अळणीच्या गावात फो : चिकनचे व्हिएतनामी नूडल सूप घरी कसे करावे

कोल्हापुरात मटण शिजायला टाकले की मसाला पडण्यापूर्वी त्यातले वाटीभर पाणी लहान मुलांसाठी, घरातल्या आजाऱ्यासाठी आणि चव बघण्याच्या निमित्ताने स्वयंपाक करणाऱ्यासाठीही बाजूला काढले जाते. या पाण्याला आपण अळणी म्हणतो. नाव अळणी असले तरी त्यात मीठ असते; नसते ते तिखट. तांबडा आणि पांढरा हे दोन्ही रस्से अळणीवरच उभे राहतात, पण त्यांच्या रंगापुढे तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. व्हिएतनाममध्ये मात्र अशाच बिनतिखटाच्या पाण्याला मुख्य जेवणाचा मान मिळाला असून, त्यात तांदळाच्या नूडल्स आणि मांसाचे तुकडे घालून जे तयार होते, त्याला फो म्हणतात. ज्या हाताला चांगली अळणी जमते, त्या हाताला चिकनचा फो जमायला एक संध्याकाळ पुरते. अडचण एकच येते आणि ती म्हणजे मसाल्याच्या डब्याकडे वळणारा हात आवरण्याची.

हा पदार्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर व्हिएतनाममध्ये, हनोई आणि नाम दिन्ह या भागांत रूढ झाला. मूळचा फो गोमांसाचा होता. चिकनचा फो, म्हणजे ‘फो गा’, त्यानंतर आला. 1939 च्या सुमारास आठवड्यातून दोन दिवस गोमांसाची विक्री बंद ठेवली जात असे आणि त्या दिवशी विक्रेते कोंबडीकडे वळले, अशी हकीकत सांगितली जाते. वार पाळणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. 1954 मध्ये देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत गेले आणि त्यांच्याबरोबर फोही गेला. दक्षिणेत तो किंचित गोडसर झाला आणि त्याच्या शेजारी मोड आलेले मूग व हिरव्या पाल्याचे ताट आले. पुढे दिलेली कृती दोन्हींच्या मधली आहे आणि कामाच्या दिवशी तासाभरात होईल इतकी आटोपशीर केलेली आहे. हनोईतल्या दुकानात पहाटेपासून उकळणाऱ्या पातेल्याशी तिची बरोबरी नाही, हेही सांगून टाकलेले बरे.

साहित्य

चार जणांसाठी हाडासकट पाऊण किलो चिकन घ्यावे. त्यात तंगड्यांचे तुकडे जास्त असावेत, कारण छातीचे मांस इतक्या वेळात कोरडे पडते. दुकानदाराकडून मान, पाठीचे तुकडे आणि मिळाल्यास दोन-चार पाय वेगळे मागून घ्यावेत. पायांतल्या चिकट अंशामुळे सूपाला अंगचा भरीवपणा येतो. आपल्याकडे चिकन बहुधा सोलूनच मिळते, पण आधी सांगितल्यास कातडीसकट देणारे दुकानदार आहेत, आणि या सूपावर तरंगणारे चरबीचे बारीक पिवळे थेंब त्या कातडीतूनच येतात.

याखेरीज दोन मध्यम कांदे, दोन बोटे लांबीचे आले, एक मोठा चमचा धणे, दोन चक्रीफुले, दोन इंच दालचिनी, तीन लवंगा, एक मसाला वेलदोडा, दोन लहान चमचे खडीसाखर आणि मीठ लागते. खडीसाखर ही तडजोड म्हणून सुचवलेली नाही, कारण व्हिएतनाममध्येही या सूपात खडीसाखरच घालतात. किराण्यातल्या डब्यातली चालेल, देवघरातल्या डबीला हात लावण्याची गरज नाही. वरून घालण्यासाठी कांद्याची पात, कोथिंबीर, लिंबू, हिरवी मिरची आणि मोड आलेले मूग घ्यावेत. कोल्हापुरी स्वयंपाकघरात मोड म्हटले की मटकी पुढे येते, पण मटकीचा कडकपणा आणि तिचा स्वतःचा वास येथे आड येतो.

फिश सॉस हा या पदार्थाचा कणा आहे. लहान मासे मिठात महिनोन्महिने मुरवून गाळलेले हे पाणी असते; व्हिएतनामच्या दक्षिणेकडचे फू क्वोक बेट त्यासाठी प्रसिद्ध आहे. बाटली उघडल्यावर येणाऱ्या वासाने घाबरून जाऊ नये, कारण गरम सूपात तो वास विरतो आणि मागे फक्त खोल चव राहते. मोठ्या किराणा दुकानांत हा सॉस मिळतो. तो न मिळाल्यास कोकणातून बाजारात येणारे चार-पाच सोडे धुऊन, कोरडे भाजून मसाल्याच्या पुरचुंडीत बांधावेत आणि मीठ थोडे वाढवावे. चव तंतोतंत तीच येणार नाही, पण समुद्राची जी एक छटा सूपाला हवी असते ती मिळते.

पहिली उकळी फेकून द्यावी

सगळ्या कृतीत महत्त्वाचे काही असेल तर ते हे. धुतलेले चिकन आणि हाडे पातेल्यात घालून ती बुडतील इतके थंड पाणी ओतावे, मोठ्या आचेवर उकळी आणावी आणि तीन-चार मिनिटांनी ते सगळे पाणी ओतून द्यावे. नंतर प्रत्येक तुकडा नळाखाली चोळून धुवावा आणि पातेलेही घासून घ्यावे. रक्ताचे अंश आणि सुटी प्रथिने उष्णतेने गोळा होऊन फेसासारखी वर येतात. ती पहिल्याच पाण्याबरोबर गेली की पुढचे सूप नितळ राहते. सत्त्व वाया जाते अशी शंका घरातल्या ज्येष्ठ व्यक्ती हमखास काढतात. पण एवढ्या थोड्या वेळात हाडांतला अर्क फारसा उतरत नाही आणि जातो तो मुख्यतः गाळ.

कांदे आणि आले भाजणे

चिकन पहिल्या उकळीवर असतानाच दुसऱ्या शेगडीवर हे काम उरकावे. कांदे सालीसकट अर्धे कापावेत, आले न सोलता उभे चिरावे, आणि वांगे भाजण्याच्या जाळीवर ठेवून थेट जाळावर सगळ्या बाजूंनी काळे डाग पडेपर्यंत भाजावेत. रश्श्यासाठी कांदा-खोबरे भाजणाऱ्यांना हा वास ओळखीचा वाटेल. फरक असा की तेथे भाजलेला कांदा वाटून रश्श्यात जिरवायचा असतो, तर येथे तो अख्खाच पाण्यात सोडून, सुगंध उतरल्यावर काढून टाकायचा असतो. म्हणून भाजल्यावर जळलेली साल आणि काळा भाग पाण्याखाली चोळून काढावा, नाहीतर सूपाला राखाडी रंग आणि कडवटपणा येतो.

त्यानंतर धणे, चक्रीफूल, दालचिनी, लवंग आणि वेलदोडा कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटे हलवत वास सुटेपर्यंत भाजावेत आणि स्वच्छ मलमलीत सैल पुरचुंडी बांधावी. हेच जिन्नस आपल्या मसाल्यातही असतात, फक्त येथे ते कुटायचे नाहीत. कुटलेला मसाला पाण्यात पसरला की तो पुन्हा गाळून काढता येत नाही, आणि चक्रीफुलाचा अंश जास्त उतरला तर सूपाऐवजी सर्दीचा काढा प्यायल्यासारखे वाटते.

शिजवणे

स्वच्छ पातेल्यात चिकन, हाडे, कांदे, आले, पुरचुंडी, खडीसाखर आणि एक लहान चमचा मीठ घालून दोन लिटर थंड पाणी ओतावे. उकळी येऊ लागली की लगेच आच कमी करावी. पाण्याच्या पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटावा, इतकीच उष्णता हवी. पाणी खळाखळा उकळले तर चरबीचे थेंब फुटून पाण्यात मिसळतात, बारीक कण ढवळले जातात आणि सूप पांढुरके, गढूळ होते. मी स्वतः पहिल्यांदा हे सूप केले तेव्हा पाहुणे यायला वीस मिनिटे उरली होती म्हणून आच मोठी केली, आणि जे तयार झाले ते पाहून घरच्यांनी पांढऱ्या रश्श्यात खसखस कमी पडल्याचे सांगितले.

झाकण पूर्ण लावू नये. वर येणारा फेस पहिली दहा मिनिटे चमच्याने हलकेच काढत राहावा. ज्यांनी गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढताना पाहिली आहे, त्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही: रस ढवळायचा नाही, वर आलेले तेवढेच उचलायचे.

साधारण पंचवीस मिनिटांत ब्रॉयलर कोंबडीच्या तंगड्या शिजतात. जाड भागात सुरी टोचल्यावर गुलाबी पाणी येत नसेल, किंवा स्वयंपाकाचा तापमापक असल्यास आत 74 अंश सेल्सिअस दिसत असेल, तर मांस तयार झाले असे समजावे. मांसल तुकडे बाहेर काढून दोन-तीन मिनिटे थंड पाण्यात बुडवावेत, त्यामुळे शिजणे थांबते आणि मांस रसाळ राहते. मसाल्याची पुरचुंडीही याच वेळी काढून टाकावी. मांस हाडांवरून सोडवून जाडसर उभे तुकडे करावेत आणि मोकळी झालेली हाडे पुन्हा पातेल्यात टाकून आणखी पंधरा मिनिटे मंद आचेवर ठेवावीत.

गावठी कोंबडी वापरणार असाल तर चव निःसंशय सरस येते, पण वेळ सव्वा ते दीड तास धरावा लागतो. कुकर लावायचाच असेल तर पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी मंद करावी आणि शेवटी वाफ आपोआप जिरू द्यावी. प्रत्येक शिट्टीला आतला दाब एकदम उतरतो व पाणी जोरात उसळते, आणि तेवढ्यानेही सूप गढूळ होते.

सूप बारीक गाळणीतून, शक्य असल्यास वर मलमल घालून, गाळून घ्यावे. त्यात दोन मोठे चमचे फिश सॉस घालावा आणि मग मीठ बघावे. नुसते प्यायला किंचित खारट वाटेल इतके मीठ असावे, कारण नूडल्स आणि मोड दोन्ही बिनमिठाचे असतात आणि वाटीत पडल्यावर चव खाली आणतात. हळद घालू नये, आणि लसूणही नको. अळणीची सवय असलेल्या हाताकडून या दोन गोष्टी नकळत घडतात.

नूडल्स

फोसाठी तांदळाच्या चपट्या, पट्टीसारख्या नूडल्स वापरतात. चौघांना कोरड्या 250 ग्रॅम पुरतात. सूप शिजत असतानाच त्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवाव्यात आणि वाढण्याच्या वेळी एकेका वाटीपुरत्या गाळणीत घेऊन उकळत्या साध्या पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवून काढाव्यात. सूपातच नूडल्स शिजवल्या तर त्यांचा स्टार्च सूपात उतरतो आणि आतापर्यंत जपलेला नितळपणा जातो. चपट्या नूडल्स न मिळाल्यास पाकिटातल्या तांदळाच्या शेवया चालतात. त्या उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवून निथळल्या की पुरे. गव्हाच्या नूडल्सने वेगळा पदार्थ होईल. तो वाईट लागणार नाही, पण त्याला फो म्हणता येणार नाही.

वाढणे

वाट्या खोलगट आणि मोठ्या असाव्यात, आणि त्या आधी गरम पाण्याने शेकून घ्याव्यात. तळाशी नूडल्स, त्यावर चिकन, वर पातळ चिरलेला कच्चा कांदा, पात आणि कोथिंबीर घालून, सूप पुन्हा उकळीला आणून लगेच ओतावे. चिकन आणि नूडल्स तोवर निवालेल्या असतात. सूप केवळ गरम असेल तर सगळी वाटी कोमट होते. मूग उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून शेजारी ठेवावेत.

हिरव्या पाल्यात व्हिएतनामी लोक जी गोड वासाची तुळशीच्या जातीची पाने वापरतात, त्यांच्या जवळची आपल्याकडची वनस्पती म्हणजे सब्जा. कुंडीत सब्जाचे झाड असेल तर त्याची पाने हाताने तोडून घालावीत. अंगणातल्या तुळशीची चव तिखट आणि औषधी असते, त्यामुळे ती येथे जुळत नाही, आणि बऱ्याच घरांत ते रुचणारही नाही. परसात लिंबाचे झाड असल्यास कोवळे पान केसासारखे बारीक चिरून चिकनवर भुरभुरावे. हनोईकडे चिकनबरोबर लिंबाच्या जातीची पाने अशीच घालतात, आणि या एका पानाने वाटीचा वास बदलून जातो.

पहिला घोट काहीही न मिसळता घ्यावा. मग लिंबू पिळावे, मिरचीच्या चकत्या घालाव्यात. कांदा-लसूण चटणीची बरणी टेबलावर येणारच, कारण आपण कोल्हापुरात आहोत. ज्यांना राहवणार नाही त्यांनी ती बशीत वेगळी घेऊन चिकनचा तुकडा तिला लावून खावा, सूपात मात्र ढवळू नये. हनोईत फो सकाळी, रस्त्याकडेला बसून, वाफ तोंडावर घेत खातात. आपल्या मिसळीचेही तसेच असते, त्यामुळे रविवारच्या न्याहारीला हे सूप केले तर ते येथल्या वेळापत्रकात बसते. आषाढातल्या पावसाच्या संध्याकाळी, श्रावण लागण्यापूर्वी, ते अधिक गोड लागते, असे माझे मत आहे.

उरलेले सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे, दोन-तीन दिवस चांगले राहते. दुसऱ्या दिवशी ते जेलीसारखे थरथरताना दिसले तर बिघडले असे समजून ओतून देऊ नये. हाडांतला चिकट अंश चांगला उतरल्याची ती खूण आहे, आणि आचेवर ठेवताच ते पुन्हा पातळ होते. नूडल्स मात्र सूपात बुडवून ठेवू नयेत, कारण सकाळपर्यंत त्या सगळे सूप पिऊन टाकतात.