म्युनिकला येताय? तिकीट पंच केलंत का?

मे महिना लागला की म्युनिकमध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींचे आईबाबा यायला लागतात आणि माझा फोन वाजायला लागतो. बहुतेक फोन दंडाचेच, म्हणून आधी तेच सांगते.

इथल्या स्टेशनवर मुंबई मेट्रोसारखं गेट नसतं. सरळ आत जायचं, गाडीत बसायचं. तिकीट काढलं की काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण मशिनमधून निघालेल्या कागदी तिकिटावर पुष्कळदा वेळेचा शिक्का नसतो. एस-बान (लोकल) आणि ऊ-बान (भुयारी मेट्रो) यांच्या जिन्याच्या तोंडाशी एक छोटी निळी पेटी असते, तिच्यात तिकीट सरकवून शिक्का उठवायचा. बस-ट्राममध्ये पेटी आतच असते. तिकिटावर 'एन्टव्हेर्टन' (म्हणजे पंच करणे) हा शब्द दिसला, तर पंच केल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. 'डांके' (धन्यवाद) नंतर शिका, हा शब्द आधी शिका.

माझे आईबाबा पहिल्यांदा आले तेव्हा मी तिघांचं मिळून दिवसाचं ग्रुप तिकीट काढलं होतं. मारिएनप्लाट्झ स्टेशन सुटलं आणि समोर बसलेला साध्या कपड्यांतला माणूस ओळखपत्र दाखवत उभा राहिला. आईने पर्सच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवलेलं तिकीट काढून दिलं. त्याने ते उलटून पाहिलं आणि कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. माणशी ६० युरो, तिघांचे १८०. तिकिटाचे पैसे भरले होते, पण शिक्का नाही म्हणजे तिकीट नाही. डब्यातले सगळे आपल्याकडे बघत होते, हे आईच्या मनाला फार लागलं. पुढचे दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही. पैशांचं सोडा, मला ते आजही खुपतं.

आपल्यातलेच काही जुने लोक सांगतात, 'पंच करूच नका, कोणी तपासत नाही, तेच तिकीट उद्या चालेल.' कृपा करून ऐकू नका. हा देश आधी विश्वास टाकतो आणि तो मोडलात की सबब ऐकून घेत नाही. मोबाइलवरचं तिकीटही गाडीत चढण्याआधी काढा, चढल्यावर नाही.

पाहुणे महिनाभर राहणार असतील तर डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास घ्या. २०२६ पासून ६३ युरो. देशभरातल्या बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना नाही. मात्र ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. जुलैअखेर बंद करायचं तर १० जुलैच्या आत रद्द करा.

विमानतळाला एस१ आणि एस८ दोन्ही जातात. एस१ नॉयफार्न स्टेशनला दुभंगते आणि अर्धी विमानतळाऐवजी फ्रायझिंग गावाला जाते, तेव्हा डब्यावरची पाटी वाचूनच चढा.

एटीएमने 'रुपयांत कापू का?' असं विचारलं तर नाही म्हणा, युरोच निवडा. रुपयाचा दर मशिनवाला स्वतःच्या फायद्याचा लावतो. बेकरीत, छोट्या दुकानांत आपलं फॉरेक्स कार्ड बऱ्याचदा चालत नाही, म्हणून ४०-५० युरो सुटे जवळ ठेवा.

रविवारी दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच आणा. आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या फेकू नका. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या एकेका बाटलीवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटमधल्या मशिनमध्ये टाकली की परत मिळते.