कस्टम रॉम टाकण्याआधी: बूटलोडर, बँक आणि फोनची रिंग

कस्टम रॉम म्हणजे कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी फोनमध्ये टाकायचं, दुसऱ्यांनी बनवलेलं अँड्रॉइड. तो टाकायचा की नाही, हे तीन गोष्टींवर ठरतं. रॉम टाकल्यावर बूटलोडर (फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) पुन्हा लॉक होतो का, तुमच्या बँकेचं नि यूपीआयचं ॲप चालतं का, आणि फोनवर फोन येतो का. तिसरी गोष्ट वाचून हसू येईल, पण जिओचं सिम असणाऱ्यांनी हसू नये. कारण पुढे आहे. थीम, आयकॉन, बॅटरीचा बॅकअप हे सगळं या तिन्हींनंतर.

हातातला फोन कोणता?

रॉम आवडला म्हणून तो आपल्या फोनवर चढेलच असं नाही. बूटलोडर अनलॉक करू द्यायचा की नाही, हे फोनची कंपनी ठरवते. पिक्सेल आणि नथिंगवर काम सोपं आहे. मोटोरोला बऱ्याच मॉडेलसाठी आपल्या संकेतस्थळावरून कोड देते, पण वॉरंटी काढून घेते. शाओमीत आधी खातं फोनला जोडायचं, परवानगी मागायची आणि मग ताटकळत बसायचं. हायपरओएस ही शाओमीची नवी प्रणाली आल्यापासून नियम आणखी कडक झालेत. विवोकडे अधिकृत वाटच नाही. सॅमसंगने वन यूआय ८ पासून अनलॉकचा पर्याय काढून टाकला. जुन्या गॅलक्सीवर तो असला, तरी बाहेरचं सॉफ्टवेअर टाकताच नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज उडतो. हा फ्यूज चिपमध्येच असतो, त्यामुळे मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी सिक्युअर फोल्डर त्या फोनवर पुन्हा चालू होत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला पिक्सेल असेल, तर तो व्हेरायझनकडून घेतलेला आहे का ते आधी विचारा. त्यात 'ओईएम अनलॉकिंग'चं, म्हणजे अनलॉकला परवानगी देणारं बटण करडंच राहतं आणि त्यावर इलाज नाही. जुना फोन विकत घेताना दुकानातच सेटिंग्ज उघडा, बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जा आणि हे बटण सरकतं का पाहा. आधी वायफाय जोडा. पिक्सेल नुसता रीसेट केलेला असेल आणि इंटरनेट नसेल, तर चांगल्या फोनवरही ते बटण करडं दिसतं.

सुरक्षा: कुलूप आणि दोन तारखा

लॉक असलेला बूटलोडर फोन सुरू होताना प्रत्येक वेळी सही तपासतो: हे सॉफ्टवेअर ज्याचं असायला हवं त्याचंच आहे ना? अनलॉक केलं की ही तपासणी सुटते. डेटा एन्क्रिप्टेडच राहतो, त्यामुळे चोराला फोटो लगेच दिसत नाहीत. पण फोन दहा मिनिटं हाताशी मिळालेला माणूस त्यात बदललेली बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल) टाकू शकतो आणि तुम्ही पिन टाकायची वाट पाहू शकतो. शिवाय चोरीनंतर रीसेट केल्यावर जुनं गूगल खातं मागणारं संरक्षण अशा फोनवर जवळपास निरुपयोगी ठरतं.

सायनोजेनमॉड हा जुना रॉम २०१६च्या अखेरीस बंद पडल्यावर त्यातूनच लिनिएजओएस उभा राहिला. आज सर्वांत जास्त मॉडेलवर चालणाऱ्या रॉमपैकी तो एक आहे. मात्र बहुतेक फोनवर तो अनलॉक बूटलोडरवरच चालवायचा असतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'ट्रस्ट' नावाचं पान आहे. तिथे सुरक्षा पॅचच्या (दुरुस्त्यांच्या) दोन तारखा दिसतात: एक अँड्रॉइडची, दुसरी व्हेंडरची, म्हणजे फोन आणि चिप बनवणाऱ्यांच्या सॉफ्टवेअरची. पहिली गेल्या महिन्याची असते आणि दुसरी कित्येकदा तीन-चार वर्षं जुनी. मॉडेम, ग्राफिक्स चिप, फिंगरप्रिंट यांचं बंदिस्त फर्मवेअर (त्या भागांच्या आतलं सॉफ्टवेअर) फक्त कंपनी देऊ शकते. कंपनीने हात वर केले की रॉम बनवणाऱ्यांच्याही हातात काही उरत नाही. त्यामुळे 'अँड्रॉइड १६ मिळालं, फोन नवा झाला' या बोलण्यात अर्धंच खरं असतं.

आमचा हिशेब असा. ज्या फोनला कंपनीकडून अजून नियमित पॅच येतात, त्यावर अनलॉक राहणारा रॉम टाकला तर सुरक्षा घटते. ज्याला तीन वर्षांत काहीच आलेलं नाही, त्यावर लिनिएज टाकला तर एकंदरीत वाढते, कारण रोजचे हल्ले ब्राउझर, मेसेज आणि ॲपच्या वाटेने येतात.

ग्राफीनओएस या दुसऱ्या रॉमची गोष्ट निराळी आहे. तो पिक्सेलसाठी बनतो, कारण पिक्सेलवर रॉमची स्वतःची चावी नोंदवून बूटलोडर पुन्हा लॉक करता येतो आणि व्हेंडरचे पॅचही वेळेवर मिळतात. अठरा तास अनलॉक न केलेला फोन आपोआप रीस्टार्ट होतो. फोन लॉक असताना यूएसबीतून नवी जोडणी होत नाही. जबरदस्तीने पिन विचारल्यास सांगायचा एक वेगळा पिन ठेवता येतो. तो टाकला की फोन पुसला जातो. या रॉमसाठी पिक्सेल घेणार असाल तर किमतीइतकीच मुदतही पाहा: ६ए ला जुलै २०२७ पर्यंत अपडेट आहेत, ७ए ला मे २०२८ पर्यंत, ८ए ला मे २०३१ पर्यंत. ६ए स्वस्त मिळतो तो याचमुळे.

आणि रूट, म्हणजे फोनच्या सॉफ्टवेअरवर पूर्ण ताबा मिळवणं? कस्टम रॉमला रूट लागत नाही. बँकेचं ॲप चालवायचं असेल तर करूच नका.

ॲप: खरी अडचण इथे

व्हॉट्सॲप, नकाशे, रेल्वेची तिकिटं यांचं सहसा अडत नाही. अडतं ते पैशाचं. हा फोन भरवशाचा आहे का, हे बँकांची ॲप गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या तपासणीला विचारतात आणि उत्तर तीन पायऱ्यांत येतं: बेसिक, डिव्हाइस, स्ट्राँग. बूटलोडर अनलॉक आहे हे फोनमधली सुरक्षा चिपच सही करून सांगते, म्हणून डिव्हाइसची पायरी तिथेच हुकते. ग्राफीनओएसवर बूटलोडर लॉक असूनही तो गूगलने प्रमाणित केलेला नाही, त्यामुळे बेसिक मिळते, वरच्या दोन नाहीत. कोणती पायरी मागायची हे बँक ठरवते. म्हणून एका बँकेचं ॲप सुरळीत चालतं आणि दुसरीचं उघडताच बंद होतं.

हे चुकवायला मॅजिस्क या रूटच्या साधनाची मॉड्यूल आणि कुठून तरी गळालेल्या, दुसऱ्या फोनच्या सहीच्या चाव्या वापरणारे पुष्कळ आहेत. गूगल त्या चाव्या रद्द करतं आणि मग एका सकाळी दूधवाल्यासमोर यूपीआय बंद पडतं. ज्या फोनवर पगार येतो, त्यावर हा खेळ नको.

रॉम टाकण्याआधीच अंदाज घेता येतो. डेटाचा बॅकअप घ्या, बूटलोडर अनलॉक करा, पण रॉम टाकू नका. कंपनीच्याच मूळ सॉफ्टवेअरवर बँकेची आणि यूपीआयची ॲप टाकून लॉगिन करून पाहा. इथे जे ॲप चालत नाही, ते अनलॉक राहणाऱ्या कस्टम रॉमवरही चालणार नाही असंच धरा. निकाल वाईट निघाला तर बूटलोडर परत लॉक करून मोकळे व्हा; फोन दोनदा पुसला जाईल, एवढंच नुकसान. सॅमसंगवर हा प्रयोग करू नका. ॲप अडलं तर लगेच रॉमला दोष देऊ नका. आधी डेव्हलपर ऑप्शन्स आणि यूएसबी डीबगिंग बंद करून पाहा, कारण काही बँकांना तेवढंही खपत नाही.

गूगलच्या सेवा घ्यायच्या का, हा वेगळा प्रश्न. लिनिएजमध्ये त्या नसतात. वेगळं पॅकेज टाकावं लागतं. मायक्रोजी हा त्यांचा हलका पर्याय. त्यावर नोटिफिकेशन येतात, पण बँकेची ॲप जास्त कुरकुरतात. ग्राफीनओएसमध्ये खरंच प्ले स्टोअर टाकता येतं, पण ते इतर ॲपसारखंच चौकटीत राहतं आणि परवानगी दिल्याशिवाय त्याला काही दिसत नाही. तिथे एखादं ॲप सारखं कोसळत असेल, तर त्याच्या माहितीच्या पानावरचा सुसंगततेचा पर्याय चालू करा. यूपीआय मुख्य प्रोफाइलमध्येच ठेवा. दुसऱ्या प्रोफाइलला एसएमएसची परवानगी मुळात बंद असते आणि सिमची पडताळणी एसएमएसवरच होते. गूगल वॉलेटने फोन टेकवून पैसे देणं मात्र इथे चालत नाही.

काही फोनवर अनलॉक करताच वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची नक्कल रोखणारी व्यवस्था, एल१ या वरच्या पातळीवरून एल३ वर घसरते. मग नेटफ्लिक्स एचडीत दिसत नाही.

फोन वाजायला हवा

जिओकडे २जी किंवा ३जी नाही. व्होल्टे (४जीवरून होणारा कॉल) चाललं नाही तर कॉल लागतच नाही, इंटरनेट कितीही पळो. सॅमसंगचं व्होल्टे त्यांच्या बंदिस्त सॉफ्टवेअरवर चालतं, म्हणून गॅलक्सीवरच्या कस्टम रॉममध्ये ते बहुधा नसतं. रॉमच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलच्या पानावर व्होल्टेबद्दल काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. रॉम टाकल्यावर पहिलं काम: दोन्ही सिमवर एक कॉल करा, एक घ्या, आणि कॉल चालू असताना स्क्रीनवर ४जीची खूण टिकते का पाहा.

प्रत्यक्ष काम

आधी बॅकअप. ऑथेंटिकेटरमधले कोड एक्सपोर्ट करा. हे विसरणारेच जास्त रडतात. गूगलच्या सेवा टाकणार नसाल तर ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲप बॅकअप परत घेता येत नाही, म्हणून फोनमधल्या 'अँड्रॉइड/मीडिया'खालचं व्हॉट्सॲपचं फोल्डर संगणकावर उतरवा.

लिनिएज टाकण्याचा क्रम साधारण असा. मॉडेलनुसार फरक असतो, म्हणून त्याच मॉडेलचं पान समोर उघडं ठेवा:

१. पानावर सांगितलेल्या आवृत्तीचं मूळ फर्मवेअर फोनमध्ये आहे याची खात्री करा. हे चुकलं तर फोन लोगोवरच फिरत बसतो किंवा सिम ओळखत नाही.
२. बॅटरी निम्म्याहून जास्त हवी. केबल थेट संगणकाला जोडा, हबमधून नको.
३. फास्टबूटमध्ये (संगणकावरून आज्ञा घेणाऱ्या फोनच्या मोडमध्ये) जाऊन अनलॉक करा. फोन पूर्ण पुसला जातो.
४. लिनिएजची रिकव्हरी (रॉम टाकण्यासाठीचा छोटा प्रोग्राम) फ्लॅश करून, म्हणजे फोनमध्ये लिहून, तिच्यात जा आणि 'फॉरमॅट डेटा' करा.
५. 'अप्लाय अपडेट'मधून साइडलोड (संगणकावरून रॉमची फाइल फोनला पाठवणं) सुरू करा. संगणकावर आकडा ४७ टक्क्यांवर थांबलेला दिसतो. बहुतेक वेळा काम झालेलं असतं. घाबरून केबल उपसू नका, फोनच्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा.
६. गूगलचं पॅकेज हवं असेल तर रिकव्हरी पुन्हा सुरू करून लगेच टाका. सही जुळत नाही असं रिकव्हरी म्हणेल, तरी पुढे जायचं. एकदा फोन सुरू केला आणि मग आठवलं, तर पुन्हा फॉरमॅट.

ग्राफीनओएसचं काम ब्राउझरमधूनच होतं. क्रोम किंवा तत्सम ब्राउझर घ्या, इन्कॉग्निटो खिडकी नको, आणि संगणकावर ३२ जीबी जागा मोकळी ठेवा. विंडोजवर फोन दिसला नाही तर अपडेटच्या ऐच्छिक यादीतून अँड्रॉइड बूटलोडरचा ड्रायव्हर घ्या. फ्लॅश झाल्यावर 'लॉक बूटलोडर' ही पायरी गाळू नका. ती गाळली तर हा रॉम निवडण्याचं मुख्य कारणच उरत नाही. नंतर फोन सुरू होताना पिवळ्या इशाऱ्याखाली चावीचा ठसा दिसतो. तो संकेतस्थळावरच्या ठशाशी जुळवा, मग सेटिंग्जमध्ये ओईएम अनलॉकिंग बंद करा.

परत फिरताना

फोन कायमचा बसण्याचे बरेच प्रकार रॉम टाकताना होत नाहीत, काढताना होतात. कस्टम रॉम आत असताना 'लॉक करून बघू' म्हणू नका. रॉमने तशी सोय स्पष्ट दिलेली नसेल तर फोन सुरूच होणार नाही. आधी पूर्ण मूळ सॉफ्टवेअर, एकदा सुरू करून खात्री, मगच लॉक. शाओमीच्या पॅकेजमध्ये 'फ्लॅश ऑल' आणि 'फ्लॅश ऑल लॉक' अशा दोन फायली शेजारीशेजारी असतात आणि फ्लॅश करण्याच्या साधनात लॉकचा पर्याय आधीच निवडलेला असू शकतो. चीनसाठी बनलेल्या फोनवर ग्लोबल सॉफ्टवेअर टाकून असं लॉक केलं की फोन अडकतो. जुनी आवृत्ती टाकतानाही जपा: पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए वर एकदा अँड्रॉइड १३ आलं की १२ कडे परत जाता येत नाही, कारण बूटलोडरमधला उलट वाट रोखणारा आकडा पुढे सरकलेला असतो. पिक्सेलसाठी गूगलचं ब्राउझरवर चालणारं फ्लॅश साधन हाच सर्वांत कमी धोक्याचा मार्ग. तिथे शेवटी लॉकचा पर्याय निवडा, आणि ते सुरू असताना संगणक स्लीपमध्ये जाणार नाही एवढं बघा.