पुरानंतरची रब्बी: आधी बियाणं, मग बाकीचं

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी परंडा, भूम, करमाळा, माढा, मोहोळ या पट्ट्यात शिरलं आणि काढणीला आलेलं सोयाबीन घेऊन गेलं. ते सगळ्यांना दिसलं. घरात काय झालं ते कमी दिसलं. कणगीतली ज्वारी आंबली, बियाण्याला ठेवलेल्या हरभऱ्याला पोत्यातच मोड आले, गंजीतला कडबा खालून काळा पडला. विकायचं, खायचं, पेरायचं आणि दावणीला टाकायचं, चारही एकदम गेलं. अशा घराला नेहमीचं रब्बीचं वेळापत्रक सांगून भागत नाही.

७ ऑक्टोबर २०२५ ला जाहीर झालेल्या शासकीय मदतीत रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये धरले होते, ३ हेक्टरपर्यंत. फार्मर आयडी, ई-केवायसी, आधारला जोडलेलं खातं, यातलं काही अडलं असेल तर याच आठवड्यात सोडवा. पण पेरणी त्या पैशावर टांगून ठेवू नका. पैसे खात्यावर येतील तेव्हा येतील, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आठ-दहा दिवसांत निघून जातो. सोयरे, बचत गट, गावातला कोरडा राहिलेला शेजारी, जिथून मिळेल तिथून बियाणं आत्ता उचला.

वाफसा वरून बघून कळत नाही. पुराची जमीन वरून भेगाळते आणि आत लोण्यासारखी असते. चार-पाच इंच खालची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आला. चपटा होऊन तसाच राहिला तर अजून थांबा. ओल्या रानात रोटाव्हेटर घालण्याची घाई दरवर्षी कोणीतरी करतंच, आणि मग त्याच रानात विटेसारखी ढेकळं फोडत बसतं. एक हलकी कुळवाची पाळी पुरे.

काय पेरायचं? बाजाराकडे बघितलं तर सगळे हरभरा सांगतील. माझं मत वेगळं आहे. ज्या घरात खायला दाणा नाही आणि दावणीला वैरण नाही, त्या घराने निदान एक एकर तरी ज्वारी धरावी. एका पेऱ्यात भाकरी आणि कडबा दोन्ही मिळतं, आणि बियाणं एकरी चारच किलो लागतं. मध्यम जमिनीला मालदांडी किंवा फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा किंवा फुले रेवती. पेरा १५ ऑक्टोबरच्या पुढे गेला की खोडमाशीचा त्रास वाढतो, म्हणून उशिराच्या ज्वारीला बीजप्रक्रिया टाळू नका. काणी (कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरणारा रोग) येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळायचंच. ज्वारीची वेळ हातची गेलीच असेल आणि विहिरीला पाणी असेल, तर हरभरा १० नोव्हेंबरपर्यंत चालतो. विजय वाण एकरी २६ ते २८ किलो, दिग्विजय किंवा विशाल टपोरे म्हणून ४० किलो. ज्या रानात मागे हरभऱ्याला मर (झाडं सुकवणारा रोग) लागली होती, तिथे यंदा परत हरभरा नको. कडेने करडईच्या चार ओळी टाका. घरचं तेल होतं आणि काट्यामुळे मोकाट जनावरं आत शिरत नाहीत.

उसनं आणलेलं बियाणं उगवेल का, हे रानात जाऊन कळायला नको. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. पाचव्या-सहाव्या दिवशी उलगडून मोजा. हरभऱ्याचे ८५ उगवले तर निर्धास्त पेरा. सत्तरच्या आसपास असतील तर त्या मानाने बी वाढवा. साठच्या खाली असतील तर डाळ करा, पेरू नका. हरभऱ्याला किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (मर रोखणारी उपयोगी बुरशी), आणि पेरणीआधी रायझोबियम जिवाणूंचं २५० ग्रॅमचं पाकीट १० किलोला चोळून सावलीत सुकवा.

एक गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना मुद्दाम सांगा. मदतीत मिळणारं पिशवीतलं बियाणं लाल-गुलाबी रंगाचं असेल तर त्याला औषध लावलेलं असतं. ते कितीही धुतलं तरी खायचं नाही, भरडून कोंबड्यांनाही टाकायचं नाही. डबा रिकामा असला की मोह होतो, म्हणून सांगतो. रिकामी पिशवीसुद्धा पीठ ठेवायला वापरू नका.

ज्वारी हाताशी यायला फेब्रुवारी उजाडेल. तोवर ताटात काय? विहिरीकडेला, मोरीच्या पाण्यावर दोन वाफे करा. मेथी तीस दिवसांत खुडायला येते, पालक, मुळा, कोथिंबीर तिच्या मागोमाग. जनावरांसाठी पाणी असेल तर पाच गुंठे आफ्रिकन टॉल मका, साठ-सत्तर दिवसांत वैरण सुरू. बुरशी आलेला कडबा वाळवून घालू नका, त्याचं खत करा. वाळून खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत गुरं सोडली तर विषबाधा होते, हेही विसरू नका.

जमीन खरडून मुरूम उघडा पडला असेल तर तिथे यंदा बी वाया घालवू नका. आधी बांध आणि ताली, मग उन्हाळ्यात तलावातला गाळ. अशा जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतचं काम त्याच मदतीत जाहीर झालं होतं. उलट, नुसता बोटभर पोयटा (पुराचा बारीक गाळ) साचला असेल तर तो काढू नका, कुळवून मातीत मिसळा.

बटईदार (दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे) आणि मजूर या सगळ्यात मागे राहतात, कारण पैसा सातबाऱ्यावरच्या नावाने येतो. कसणारा एक, मदत दुसऱ्याला, हा घोळ जुनाच आहे. बटई ठरवतानाच रब्बीचं बियाणं मालकाने घालायचं, असं चार माणसांसमोर बोलून घ्या. मजुरांनी ग्रामपंचायतीत नमुना ४ भरून रोजगार हमीच्या कामाची मागणी करावी आणि पोच घेतल्याशिवाय दारातून हलू नये. काम द्यायची पंधरा दिवसांची मुदत तारखेच्या पोचेवरूनच मोजली जाते.

आणि पुढच्या पावसाळ्यासाठी आत्ताच एक ठरवा. ज्वारी काढताना कापणीआधी रानात फिरून भरदार कणसं वेगळी खुडा. पूर्वी बी सव्वाईने द्यायची रीत होती, एक पायली नेली की सव्वा पायली परत. बचत गटातल्या बायांना तोच हिशेब धरून गावाचं बी राखता येतं. दाणे कडक वाळवा, कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या डब्यात बंद करा. निम्मं घरी ठेवा, निम्मं गावठाणाच्या चढावर ज्याचं घर आहे त्याच्याकडे.