औषधशास्त्र शिकताना: विंचू, फुरसं आणि चाळीसची सिरिंज

नर्सिंगला औषधशास्त्र सुरू झालं की बहुतेक जण नावांच्या याद्या पाठ करायला बसतात. परीक्षा झाली की याद्या विसरतात. त्यापेक्षा प्रत्येक औषधाला तेच चार प्रश्न विचारा: शरीरात कुठे जाऊन काय करतं, किती वेळ टिकतं, देण्याआधी काय बघायचं आणि दिल्यावर काय बघायचं. कोकणातल्या वॉर्डात या प्रश्नांची उत्तरं रोज खाटेवर असतात.

लाल विंचू घ्या. जांभ्या दगडाच्या गडग्यात (कुंपणाच्या भिंतीत), लाकूडफाट्यात हात घातला की डसतो. त्याच्या विषाने मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडेच राहतात आणि रक्तात अ‍ॅड्रिनलीन-नॉरअ‍ॅड्रिनलीन या संप्रेरकांचा लोंढा येतो. दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, चढलेलं बीपी, आणि पुढे हृदय थकून फुफ्फुसात पाणी. रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा-१ रिसेप्टरवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागेवर, नॉरअ‍ॅड्रिनलीन बसलं की वाहिनी आवळते. प्राझोसिन हे औषध ती जागाच अडवून बसतं. बसून काम करून घेतं ते अ‍ॅगोनिस्ट, जागा अडवतं ते अँटॅगोनिस्ट; एवढं या एका पेशंटवरून कायमचं लक्षात राहतं. विंचूदंशावर प्राझोसिन वापरण्याचं काम महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी केलं, म्हणजे हा धडा आपल्याच मुलखातला आहे.

आता डोस. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. १० किलोच्या मुलाला ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.३ मिलिग्रॅम. मायक्रो आणि मिली यांत हजारपट फरक आहे, म्हणून 'मायक्रोग्रॅम' पूर्ण लिहा. दशांशचिन्हाआधी शून्य हवंच, '.३' मधला टिंब पुसट झाला की ३ वाचलं जातं. साधी गोळीच द्यायची. हळूहळू सुटणारी गोळी कुटून दिली, तर दिवसभराचं औषध एकदम पोटात जातं. प्राझोसिनचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, २ ते ३ तास आहे. म्हणून डॉक्टर दर ३ तासांनी डोस पुन्हा लिहितात. पहिल्या डोसनंतर बीपी धाडकन पडू शकतं. मूल रडतंय म्हणून आई त्याला उभं कडेवर घेते आणि तिथेच घात होतो. मूल आडवंच राहील हे आईला गोळी देण्याआधी समजावा, आणि पहिले ३ तास दर अर्ध्या तासाने नाडी, बीपी, श्वास लिहा.

सर्पदंशात हिशेब वेगळा चालतो. कातळसड्यावर फुरसं चावलं तर लहान मुलाला आणि मोठ्या माणसाला एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या औषधाच्या) तितक्याच व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, लागतात. सापाने सोडलेलं विष वजन बघून कमी होत नाही, आणि औषध त्या विषाला निकामी करण्यासाठी आहे. मुलाच्या बाबतीत फक्त सलाईनचं प्रमाण कमी ठेवतात. पावडरच्या व्हायलमध्ये १० मिली पाणी घातल्यावर ती हातात हलकेच फिरवा. जोरात हलवली तर फेस येतो, आणि फेसातलं औषध सिरिंजमध्ये नीट येत नाही. एएसव्हीची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून ड्रिप सुरू करण्याआधी अ‍ॅड्रिनलीन भरून बाजूला हवं: १ मिलीत १ मिलिग्रॅमचं अँप्युल, मोठ्या माणसाला त्यातलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. अंगावर गांध्या, कापरं, घशात घरघर दिसली की आधी ड्रिप थांबवा, मग डॉक्टरांना हाक मारा.

इन्सुलिनमध्येही खूप चुका होतात. आपल्याकडे १ मिलीत ४० युनिट आणि १ मिलीत १०० युनिट, अशा दोन्ही व्हायल मिळतात. सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. ऑर्डर २० युनिटची आहे, हातात १०० ची व्हायल आणि लाल टोपी. २० च्या रेघेपर्यंत ओढलं म्हणजे अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट. उलट झालं, म्हणजे ४० ची व्हायल आणि नारिंगी टोपी, तर पेशंटला मिळतात फक्त ८. दोन्ही वेळा रेघ बरोबर २० वरच असते, म्हणून शेजारची सिस्टरही फसते. दुसऱ्या नजरेला सिरिंजसोबत व्हायलही दाखवा. साधं इन्सुलिन अर्ध्या तासात काम सुरू करतं. जेवणाचं ताट आलंय का, हे बघूनच टोचा.

पावसात लाइट जाते तेव्हा फ्रीज उघडझाप करू नका. इन्सुलिन गोठलं असेल तर ते टाकायचंच. घरी फ्रीज नसलेल्या पेशंटला व्हायल पिशवीत बांधून ओल्या वाळूच्या मडक्यात, सावलीत ठेवायला सांगा.

सलाईनच्या थेंबांचं गणित एकदाच बसवून घ्या. साध्या ड्रिप सेटमध्ये १ मिलीचे २० थेंब, मायक्रो सेटमध्ये ६०. ५०० मिली ४ तासांत द्यायचं तर साध्या सेटवर मिनिटाला ४२ थेंब.

आणि लावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस या तापासाठी) डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक वाटाल, तेव्हा कागदावर लिहून भागत नाही, तोंडाने सांगा: पेज खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करते. दुधाबरोबर नको, त्यातलं कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं आणि ती रक्तात कमी उतरते. लोहाच्या गोळीतही २-३ तासांचं अंतर ठेवायचं. बाई गरोदर आहे का, हे गोळी हातावर ठेवण्याआधी विचारा.