रेडिओवर "गुड" म्हणू नका

अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅस्कारने 2004 मध्ये महिला आणि अल्पसंख्याक चालकांना वर आणायला 'ड्राइव्ह फॉर डायव्हर्सिटी' उपक्रम सुरू केला. पुढे मॅक्स सीगल यांच्या रेव्ह रेसिंग या टीमने तो चालवला, आणि बबा वॉलेस, काइल लार्सन, डॅनिएल सुआरेझ हे चालक त्यातूनच वर आले, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तिथवर पोचायची स्वप्नं बघत मी दुसऱ्याच एका टीमच्या चाचणीत सपशेल आपटले. ते ऐका.

लेट मॉडेल ही ताकदवान रेस कार, लहान ओव्हल म्हणजे लंबगोल ट्रॅक, वीस लॅप. मी लेजेंड कार या छोट्या रेस कारमधून आलेली. पहिल्या पाच लॅपमध्येच सगळा जोर लावला, टाइम झकास. पण ओव्हलवर सगळी वळणं डावीकडची, म्हणजे भार उजव्या चाकांवर. वळणातून बाहेर पडताना मी घाईने गॅस द्यायचे आणि उजवा मागचा टायर भाजून निघायचा. दहाव्या लॅपपासून मागची बाजू सुटायला लागली. गाडीची जुळणी ठरवणाऱ्या क्रू चीफने रेडिओवर विचारलं, गाडी कशी आहे? मी म्हणाले, "गुड." तक्रार केली तर म्हणतील, पोरीला गाडी झेपत नाही. या भीतीपोटी बोललेल्या एका शब्दाने माझा घात केला.

पुढची चाकं वळायला कुरकुरली की गाडी टाइट, मागची बाजू सुटली की लूज. एवढं सगळ्यांनाच येतं. पण कुठे? शिरताना, मध्यावर, की बाहेर पडताना? कितव्या लॅपपासून? लूज गाडीला वेज, म्हणजे उजव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या चाकांवरचा तिरका भार, वाढवतात, खरं. पण कित्येकदा गाडी मुळात टाइट असते. ती वळावी म्हणून तुम्ही स्टिअरिंग जास्त फिरवता, मग गॅस देताच पुढची चाकं एकदम पकड घेतात आणि मागची बाजू निसटते. तुम्ही नुसतं "लूज" म्हणालात तर क्रू चीफ वेज वाढवेल आणि गाडी आणखी टाइट होईल. आणि दोष सेटअपचा, म्हणजे गाडीच्या जुळणीचा, नसून माझ्यासारखा तुमच्या उजव्या पायाचा असला, तरी आधी सांगावं लागतंच. चाचणीत तुमचा सर्वांत वेगवान लॅप बघतात, पण विसावा लॅपही बघतात.

नॅस्कारचा चालक राजा कॅरुथ आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतींच्या सिम्युलेटरमधून आला म्हणून सिम्युलेटरलाच सर्वस्व मानू नका. गाडी सुटते ते आधी पाठीला कळतं, आणि घरातल्या खुर्चीत ते कळत नाही. दिवसाचे पैसे घेऊन फोटो काढून देणारे कोच तर मला मुळीच पटत नाहीत. त्यापेक्षा टीमच्या वर्कशॉपमधल्या टायरवाल्याच्या मागे फिरा. आमच्याकडच्याने माझा हात धरून भाजलेल्या टायरवर फिरवला. रबराच्या बारीक वळकट्या बोटांना लागल्या, तेव्हा कुठे मला माझा पाय कळला.

पैसा मात्र खूप लागतो, त्यात गोड बोलण्यासारखं काही नाही. निवड झाली नाही म्हणून रडत बसू नका, मी दोन महिने बसले. कृष्णवर्णीय चालक वेंडेल स्कॉट 1963 मध्ये नॅस्कारच्या सर्वोच्च, कप मालिकेत जिंकले. त्यानंतर तिथे दुसरा कृष्णवर्णीय विजेता दिसायला 2021 उजाडलं, टॅलाडेगाच्या ट्रॅकवर, वॉलेस. ब्रेहाना डॅनियल्स तर कॉलेजात बास्केटबॉल खेळायची, ती टायर बदलणारी म्हणून पिट क्रूमध्ये, म्हणजे शर्यतीत थांबलेल्या गाडीवर काम करणाऱ्या चमूत, आली. तोही रस्ता आहे.

घरी सिम्युलेटरवर बसलात तरी दर लॅपनंतर मोठ्याने बोला: कुठे, काय, कधीपासून. माझ्या आईला वाटायचं, मी फोनवर कुणाशी तरी भांडतेय.