पेशी मेल्या, पण कशाने? : प्रोबायोटिक आणि कर्करोगावर काम सुरू करताना

जळगाव-धुळे-नंदुरबारकडची मायक्रोबायोलॉजीची मुलं एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी हल्ली हा विषय हमखास मागतात: दह्या-ताकातले जिवाणू आणि कर्करोग. विषय चांगलाच आहे. मी यातच पीएच.डी. केली, म्हणून नव्यांसाठी चार गोष्टी लिहितोय.

सॅम्पलसाठी लांब जायची गरज नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे बिबड्यांसाठी (ज्वारीच्या पापडांसाठी) ज्वारी भिजत घालतात. दोन-तीन दिवसांत पाण्याला आंबूस वास सुटतो. शिजवायला घेण्याआधी त्यातलं थोडं पाणी निर्जंतुक बाटलीत घ्या, बर्फात ठेवून लॅबला न्या. एमआरएस अगारवर (लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू वाढवायचं माध्यम), 37 अंशाला, हवा न लागणाऱ्या जारमध्ये ठेवलं की 48 तासांत बारीक, पांढरट कॉलन्या दिसतात. ग्राम पॉझिटिव्ह आणि कॅटलेज निगेटिव्ह, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकून बुडबुडे न येणाऱ्या, तेवढ्याच निवडा आणि जिवाणू कोणता ते ओळखायला 16एस सिक्वेन्सिंगला पाठवा. पेपर शोधताना एक लक्षात ठेवा: 2020 मध्ये लॅक्टोबॅसिलस या वंशाची 25 वंशांत फोड झाली. जुना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आता लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम आहे. दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर निम्मं वाङ्मय हातचं जाईल.

इथपर्यंत सगळ्यांचं नीट होतं. घोळ पुढे होतो.

जिवाणू वाढवलेला ब्रॉथ सेंट्रिफ्यूज करून 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढला की सुपरनेटंट मिळतो. त्यात जिवाणू नसतात, त्यांनी सोडलेली द्रव्यं असतात. तो एचटी-29 किंवा एचसीटी-116 या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर टाकायचा. (अशा पेशी, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढवता येणाऱ्या सेल लाइन, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून, म्हणजे एनसीसीएसमधून, मागवता येतात.) मग एमटीटी चाचणी. जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळे स्फटिक करतात. ते डीएमएसओत विरघळवून 570 नॅनोमीटरला मोजायचे. जांभळा रंग फिका आला की ‘पेशी मेल्या’ म्हणून मुलं लगेच गाइडकडे धावतात.

धावण्याआधी प्लेटकडे बघा. लॅक्टिक आम्लाने एमआरएसचा पीएच 4 च्या आसपास उतरलेला असतो आणि पेशींना हवा 7.4. सुपरनेटंट जास्त पडला की माध्यमातला लालसर फिनॉल रेड (पीएच दाखवणारा रंग) डोळ्यांदेखत पिवळा होतो. एवढ्या आंबट पाण्यात कर्करोगाचीच काय, कुठलीही पेशी मरेल! म्हणून पहिल्या दिवसापासून याच प्लेटवर सोबत हवं: सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच 7 च्या आसपास आणलेला सुपरनेटंट, मूळ आंबट सुपरनेटंटएवढ्याच पीएचचं नुसतं लॅक्टिक आम्ल, जिवाणू न टाकलेला एमआरएस ब्रॉथ (त्यातल्या ट्वीन 80 आणि सोडियम ॲसिटेटचाही पेशींवर परिणाम होऊ शकतो), आणि एखादी निरोगी पेशींची लाइन. पीएच सुधारल्यावर परिणाम गायब झाला तर तसंच लिहा. टिकला, तर खरं काम तिथून सुरू होतं. उकळून बघा, प्रथिनं तोडणारं प्रोटिनेज के घालून बघा. त्याने परिणाम गेला तर द्रव्य प्रथिन-पेप्टाइडच्या घरातलं असण्याची शक्यता वाढते. आणि एमटीटी पेशींचा चयापचय मोजतं, मरण नाही. त्यामुळे ॲनेक्सिन-व्हीची चाचणी केल्याशिवाय सिनॉप्सिसमध्ये ‘ॲपॉप्टोसिस’ (पेशीने स्वतःहून मरणं) लिहू नका.

ब्युटिरेटचं, म्हणजे आतड्यातले काही जिवाणू बनवतात त्या द्रव्याचंही असंच. त्याची गंमत मला आजही आवडते: मोठ्या आतड्याची निरोगी पेशी ब्युटिरेट जाळून ऊर्जा मिळवते. कर्करोगाची पेशी मुख्यतः ग्लुकोजवर चालते, त्यामुळे ते तिच्यात साठतं, हिस्टोन डीॲसिटिलेज ही एन्झाइम्स अडवतं आणि पेशीची वाढ थांबते. पण ते भरपूर बनवतात फीकॅलिबॅक्टेरियमसारखे जिवाणू, ज्यांना ऑक्सिजन सोसत नाही. आपल्या ज्वारीच्या पाण्यातले लॅक्टोबॅसिलस मुख्यतः लॅक्टिक आम्लच देतात. त्यांच्या प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत ब्युटिरेटची तीन पानं कशाला?

गावात विषय कळला की कुणीतरी विचारतंच, ‘भाऊ, मग पेशंटला दही नाहीतर त्या कॅप्सूल सुरू करू का?’ याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. 2021 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात, इम्युनोथेरपी घेणाऱ्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) रुग्णांमध्ये जास्त तंतुमय आहार घेणाऱ्यांचा आजार उशिरा बळावला, दुकानातल्या प्रोबायोटिकने फायदा दिसला नाही आणि उंदरांमध्ये तर उपचाराचा परिणाम कमी झाला. केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसाच्या रक्तात हेच ‘चांगले’ जिवाणू क्वचित शिरून संसर्गही करतात. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, एवढंच सांगा.

पैशांचं थोडक्यात. सीएसआयआर-नेट किंवा डीबीटीची जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती यांपैकी आपल्या प्रवर्गाच्या संस्थेच्या पीएच.डी. फेलोशिपच्या जाहिरातीवर नजर ठेवा. आणि गाइड ठरवण्याआधी त्यांच्या लॅबमध्ये कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर चालू आहे का, ते स्वतः जाऊन बघा. बंद असेल तर सेल लाइनचं काम कुठे करणार, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या.