गंजलेले पाने, पकडी, अडकित्ते : लिंबूसत्त्वाच्या पाण्यात

पावसाळाभर माळ्यावर पडलेली हत्यारांची पेटी उघडली की हात तांबडे होतात आणि पहिला घासकागद आठवतो. तो थोडा बाजूला ठेवा. घासकागद गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातो, पान्यावर कोरलेले आकडे पुसतो, आणि बोल्टच्या आट्यांत किंवा पकडीच्या दातांत, म्हणजे जिथे गंज मुरलेला असतो, तिथे पोचतच नाही. पाणी पोचतं.

किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, एवढंच लागतं. भांडं प्लास्टिकचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको. व्हिनेगरनेही काम होतं, पण ते महाग पडतं आणि घरभर वास सुटतो.

आधी वस्तू भांड्याच्या साबणाने खसखसून धुवा. जुन्या ग्रीसखाली आम्ल शिरत नाही. धुणं टाळलं की तेवढे डाग तसेच राहतात आणि दोष लिंबूसत्त्वाला जातो. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने झाडा. मग वस्तू पूर्ण बुडवा. अर्धी बाहेर राहिली तर पाण्याच्या रेघेवर लोखंड खाल्लं जाऊन कायमची खूण उमटते.

हलका गंज दोन-तीन तासांत सुटतो, जुनाट गंजाला रात्रभर. दर दोन तासांनी बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासलं तर वेळ निम्म्यावर येतो. चोवीस तासांपुढे ठेवू नका. गंज संपला की आम्ल धातूकडे वळतं आणि पृष्ठभाग करडा, खरखरीत होतो. बाहेर काढल्यावर दिसणारा काळा थर गंज नव्हे. साबण आणि ब्रशने तो निघतो.

धारेच्या वस्तूंसाठी, म्हणजे विळीचं पातं, कानस किंवा पटाशीसाठी, सौम्य पाणी बनवा: लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्त्व, त्यात ४० ग्रॅम धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने. जोरात फसफसतं, म्हणून बादली मोठी हवी. शेवटी भांड्याच्या साबणाचे चार थेंब. लिंबूसत्त्व दुप्पट असलं तरी सोड्याने आम्लाचा जोर मोडतो, म्हणून हे मिश्रण लोखंडाला कमी खातं.

सगळंच मात्र बुडवायचं नसतं. पितळी मुठीचा अडकित्ता तसाच टाकला तर पितळ गुलाबी पडतं. अशा वेळी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं फक्त पात्यावर गुंडाळा. जस्त चढवलेले बोल्ट टाकताच बुडबुडे सुटतात आणि जस्तच निघून जातं. स्प्रिंग आणि जास्त ताकदीचे बोल्ट आम्लात ठेवू नका, हायड्रोजन मुरून ते ठिसूळ होतात. लाकडी दांडा आधी काढा. जाम झालेल्या पकडीच्या रिव्हेटवर आधी रॉकेल सोडून एक रात्र थांबा, उघडझाप व्हायला लागली की मगच पाण्यात.

खरी गडबड पुढच्या दहा मिनिटांत होते. आम्लातून निघालेलं लोखंड उघडं असतं. ओलं ठेवून चहाला गेलात तर परत येईपर्यंत त्यावर नारिंगी झाक. म्हणून फडकं, तेल, गरम तवा आधीच तयार ठेवा. नळाखाली धुऊन लिटरला एक चमचा खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुचकळा, पुसा, आणि लगेच मंद आचेच्या तव्यावर हाताला चटका बसेल इतपत तापवा. जास्त नको, धारेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरेल. सांध्यातली ओल अशीच जाते. कोमट असतानाच तेल लावा: हत्यारांना शिवणयंत्राचं, अडकित्ता-विळीला खोबरेल.

वापरलेल्या पाण्यात सोडा टाकून फसफस थांबली की मोरीत ओता.

आणि पेटी संडास साफ करायच्या ॲसिडच्या बाटलीशेजारी ठेवू नका. झाकण घट्ट असलं तरी वाफ झिरपते, आणि पेटी पुन्हा तांबडी होते.